जाऊबाईंचा पाव का फुगला

आमच्या घरात खरं बोलणाऱ्याला पुरावा लागतो आणि संशय घेणाऱ्याला काहीच लागत नाही. हे मी रागाने बोलतेय. हो, रागानेच बोलतेय, आणि सांगून होईपर्यंत माझा राग उतरेल अशी आशा कुणी ठेवू नये. घरातले सगळे म्हणतात, प्रकरण मिटलं, आता कशाला उकरून काढतेस. ज्यांच्या अंगाला काही लागलं नाही त्यांचं प्रकरण लवकर मिटतं.

गोष्ट माझ्या मोठ्या जाऊबाईंची. त्या चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहेत. खिडकीजवळचं यंत्र त्यांचं. दिवसभर काच घासायची, उजेडात धरायची, बघायची, परत घासायची. त्यामुळे अंदाजपंचे काम त्यांना ठाऊकच नाही. भाजीत मीठ घालतानासुद्धा चमचा बोटाने सपाट करून घालतील. माझा हात पडला सढळ. मी केलेला केक त्यांनी एकदा सुरीने टकटक वाजवून बघितला आणि म्हणाल्या, "विटा स्वस्त झाल्यात का गं?" बोलणं कमी, पण जे बोलतील ते असं. खोटं मात्र बोलायच्या नाहीत. मुलं लहान असताना डॉक्टरकडे नेताना "दुखणार नाही" म्हणायची आपली पद्धत असते ना, त्या म्हणायच्या, "दुखेल, पण लवकर थांबेल." मुलं त्यांच्याच मांडीवर बसायची.

पानगळ सुरू झाली, संध्याकाळी खिडक्या लवकर लावायला लागलो, की जाऊबाईंचे पाव सुरू व्हायचे. लाल भोपळ्याचा पाव, सफरचंद आणि अक्रोड घातलेला, रताळ्याचा, आणि एक काळ्या मनुकांचा, ज्यात संत्र्याची साल किसून घालायच्या. आम्ही एक मजला खाली राहतो. ओव्हनचं दार उघडलं की वास जिन्यातून आमच्या घरात, आणि आमचे हे हातातलं काम टाकून वर. मला म्हणायचे, आईची चौकशी करून येतो. आईची चौकशी करून येताना मिशीला अक्रोड लागलेले असायचे.

या पावांना बाजारचं यीस्ट नाही. पीठ आणि पाणी कालवून आंबवलेलं आंबवण, ते एका काचेच्या बरणीत. त्याला रोज थोडं नवीन पीठ द्यायचं, म्हणजे ते जिवंत राहतं, फुगतं, आणि पावाला फुगवतं. ही बरणी आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेली. पुढे ओव्हन जाऊबाईंच्या हातात आला, पण सकाळी बरणीला खाऊ घालायचं काम सासूबाईंनी सोडलं नाही. खिडकीत बसून, बरणी मांडीवर घेऊन, चमच्याने ढवळत त्या तिच्याशी बोलायच्यासुद्धा. आमच्याशी बोलायच्या त्यापेक्षा जरा गोड.

मग भाऊजी आजारी पडले. भाऊजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माझे मोठे दीर. लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायची मला इच्छा राहणार नाही. खाल्लेलं अंगाला लागेना, पोट बिघडलेलं, पाय गळून जायचे. पट्ट्याला खिळ्याने एकामागून एक नवी भोकं पाडत होते. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं. गहू त्यांच्या आतड्यांना चालत नाही. आतून सोलवटून निघतात. कणभरसुद्धा नको, आणि तेही जन्मभर.

जाऊबाई दवाखान्यातून आल्या, पदर खोचला आणि घर रिकामं करायला लागल्या. गव्हाचं पीठ, मैदा, रवा, बिस्किटं, सगळं माझ्याकडे. लाकडी पोळपाट, लाटणं, उलथनं माझ्याकडे, कारण लाकडाच्या रेघांत पीठ बसतं. चाळणी माझ्याकडे. जुनं आंबवण गव्हावर वाढलेलं, म्हणून ते मोरीत ओतलं, बरणी फोडून टाकली आणि नवीन बरणीत तांदळाच्या पिठाचं आंबवण नव्याने घातलं. सासूबाई तोंड फिरवून बसल्या. दोन वेळा जेवल्या नाहीत. तेव्हा जाऊबाईंनी नवी बरणी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. "आई, हिचं तुम्हीच बघायचं. मला नाही जमायचं तुमच्यासारखं." म्हातारीचा मान राहावा म्हणून केलं हो. चांगुलपणा अंगाशी येतो म्हणतात, तो असा.

आणि मग पिठांशी झटापट. मी साक्षीला आहे, कारण फसलेले पाव संपवायला मलाच बोलवायच्या. गव्हाचं पीठ मळलं की ताणतं, त्या ताणात हवा धरून ठेवतं, म्हणून पाव फुगतो. बाकीच्या पिठांत तो ताणच नाही. तांदळाचा पाव कोरडा ठक्क. मक्याचा चवीला गोड, पण सुरी लावली की भुगा. ज्वारीचा ओव्हनमध्ये वर येतो आणि बाहेर काढला की मान टाकतो. कुट्टूचं, म्हणजे उत्तरेकडे उपासाला खातात ते, पीठ काळसर, जरा मातकट वासाचं, ते जाऊबाईंना आवडलं, पण नुसतं घेतलं तर पाव कडवट. भोपळा शिजवून घातला तर आत ओला चिखल. एक पाव भाऊजींनी हातात तोलून बघितला आणि म्हणाले, "हा मला दे, लिफ्टचं दार अडवायला होईल." तेव्हा हसायचो आम्ही. तेव्हा घरात हसण्यासारखं वातावरण होतं.

जाऊबाई हटल्या नाहीत. कारखान्यातून येऊन हात धुवायच्या की लागल्या तराजूपाशी. इसबगोलाची भुशी पाण्यात फुगवून घातली, तर थोडा चिकटपणा आला. भोपळ्याचं पाणी फडक्यात निथळून काढलं, तर चिखल गेला. तांदूळ जास्त, कुट्टू त्याहून कमी, मका नुसता रंगापुरता. पीठ मळायचं नाही, केकसारखं साच्यात ओतायचं आणि ओल्या हाताने वरून सपाट करायचं. अक्रोड आधी भाजून घ्यायचे. तरी पाव ठेंगणाच राहायचा. आणि एका पानगळीत एकदम फुगला. असा फुगला, की साच्याच्या वर डोकं. जाऊबाई मला बोलवायला स्वतः खाली आल्या. "आंबवणाला नवं पीठ मानवलं गं," म्हणाल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. सासूबाई खिडकीत बसून म्हणाल्या, "मी बघते ना त्याच्याकडे."

पाव सुधारला आणि भाऊजी बिघडले. आधी जरा भरलेले गाल परत बसले. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गहू कुठून तरी पोटात जातोय. भाऊजी बाहेर खातात म्हणावं, तर ते कामावर डबा नेणारे, चहासुद्धा घरचा. मग उरलं काय? घर.

रविवारी सगळे जेवायला जमलो होतो. वन्सं, म्हणजे आमच्या नणंदबाई, आल्या होत्या. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, पण आमच्या घरातलं त्यांना आमच्याआधी कळतं. जाऊबाईंनी भोपळ्याचा पाव कापून ताटलीत मांडला. वन्संनी एक फोड उचलली, मोडली, आतली जाळी बघितली.

"वहिनी, एक विचारू? राग मानू नकोस. गव्हाशिवाय पाव असा फुगतो होय?"

"फुगवला तर फुगतो," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही, मी काय म्हणते, माणसाला वाटतं कधी, चमचाभराने काय होतंय. इतकी मेहनत घेतो आपण, जरा दिसायला बरा व्हावा..."

मला वाटलं आता भाऊजी बोलतील. बोलल्या सासूबाई, ताटाकडे बघत. "माझ्या मुलाची हाडं मोजता येतात. कुणाची हौस होते, कुणाचा जीव जातो."

आणि मग भाऊजी बोलले. "खरं सांग. तू काही मिसळत नाहीस ना?"

सगळ्यांसमोर. दोन वर्षं जी बाई नखं ब्रशने घासून स्वयंपाकघरात शिरते, तिला. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही..." आणि टेबलाखालून आमच्या ह्यांनी माझा पाय दाबला. मी त्यांचा त्याहून जोरात दाबला, पण तेवढ्यात बोलायची वेळ निघून गेली. जाऊबाईंनी सुरी पुसली, खणात ठेवली आणि म्हणाल्या, "नाही." एवढंच. आणि ते 'नाही' कुणाला पुरलं नाही, हे त्यांनाही दिसलं.

त्यानंतर त्यांचं जे झालं ते बघवत नव्हतं. पीठ दळून देणाऱ्या दुकानात गहूही दळतात म्हणून दुकान सोडलं, तांदूळ घरी मिक्सरवर वाटायला लागल्या. साचे बदलले. पडदे धुतले. कारखान्यात शेजारच्या बाईच्या डब्यात पोळी असते म्हणून स्वतः जिन्यात बसून जेवायला लागल्या. पावाच्या पातळ चकत्या करून माझ्या घरी आणून उजेडात धरून बघायच्या, जसं काही गहू आत बसलेला दिसणार आहे. एक दिवस मला हळूच म्हणाल्या, "अगं, मी झोपेत उठून तर काही करत नसेन ना?"

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "वेड लागलंय का तुम्हाला?" खोटं न बोलणाऱ्या बाईला या लोकांनी इथपर्यंत आणलं होतं.

उलगडा झाला तो भोपळ्यामुळे. बाजारात चांगला, गच्च भोपळा मिळाला, म्हणून मी सकाळी वर द्यायला गेले. जाऊबाई आणि भाऊजी कामावर गेलेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई खिडकीत, बरणी मांडीवर, आणि बाजूला एक छोटा डबा, जो स्वयंपाकघरातला नव्हता. त्यातून त्यांनी मूठ भरली आणि बरणीत सोडली. मला बघून झाकण लावायला गेल्या. मी भोपळा तिथेच खाली ठेवला आणि डबा घेतला. चिमूटभर पीठ जिभेने ओलं केलं, बोटांत चोळलं. चिकटलं. ताणलं. आयुष्यभर गहू मळलाय मी, मला कुणी शिकवायला नको.

"आई, हे गव्हाचं आहे."

"खळीचं पीठ आहे ते. कपाटात कागद चिकटवायला. ताईने आणून दिलंय."

ताई म्हणजे वन्संच. म्हणजे पाव मोडून जाळी बघणाऱ्या बाईंनीच पीठ पुरवलेलं. त्यांना खळीचं म्हणून सांगितलं होतं, हे मान्य. पण मला हसू आलं, वाईट हसू.

"मग बरणीत कशाला घालताय?"

"मरायला टेकलं होतं ते," सासूबाई म्हणाल्या. "तांदळावर कुठे जगतं? वर पाणी सुटायचं, वास यायचा. मला बघवेना. रोज एक मूठ दिली, तर बघ कसं तरारलंय."

"आणि भाऊजी? त्यांना गहू विष आहे ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की जशी मीच काहीतरी भलतं बोलतेय. "त्याला कुठे दिला मी? त्याच्या ताटात कण पडू देत नाही. मी बरणीला दिला."

मी तिथेच स्टुलावर बसले. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात बरणी वेगळी आणि मुलगा वेगळा. बरणीतलं पावात जातं आणि पाव मुलाच्या पोटात जातो, हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते कधी जोडून बघितलं नव्हतं. आंबलं की ते गहू राहत नाही, असं काहीसं त्यांनी धरून चाललं होतं. मला त्यांची दया आली का? तेव्हा नाही आली. नंतर आली, थोडी.

संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावलं. वन्संनासुद्धा. डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. जाऊबाई नुकत्या कामावरून आल्या होत्या, खांद्याची पिशवीसुद्धा काढली नव्हती, दारातच उभ्या. सासूबाई रडायला लागल्या. आणि मग बघावं ते घर कसं मऊ झालं. भाऊजी उठून आईजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. "रडू नकोस, आई. तू मुद्दाम थोडंच केलंस?" वन्सं म्हणाल्या, "वय झालंय तिचं. तिला काय कळणार?" आमचे हे पाणी घेऊन आले. पंख्याचा वेगसुद्धा वाढवला कुणीतरी.

मुद्दाम नाही, वय झालंय, पाणी प्या. पंधरा मिनिटांत माफी. आणि दारात उभ्या असलेल्या बाईकडे एकानेही मान वळवली नाही. तिच्यावर मुद्दाम केल्याचाच आळ होता ना? मग आता तो कुणी उतरवायचा?

जाऊबाईंनी एकच विचारलं. "आई, कधीपासून?"

"फुगायला लागलं तेव्हापासून," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी मान हलवली. ज्या पावाचा त्यांना अभिमान होता तोसुद्धा त्यांचा नव्हता, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. बरणी उचलली, मोरीत रिकामी केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

भाऊजी सुधारत गेले. पट्टा मूळच्या भोकाकडे परत सरकायला लागला. पण ओव्हन बंद. भोपळा फ्रीजवर तसाच, सफरचंदं सुरकुतली. भाऊजी भात आणि उकडलेले बटाटे खात होते. काही आठवड्यांनी धीर करून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "आपल्याकडून जरा गैरसमज झाला."

"आपल्याकडून म्हणजे माझ्याकडूनही?" जाऊबाईंनी विचारलं.

"तसं नाही गं. विषय वाढवू नकोस ना."

"ताईंसमोर विचारलं होतंत. ताईंसमोर सांगा, की चुकलात."

तेवढं काही त्यांना जमलं नाही. आईला वाईट वाटेल म्हणे, बहीण दुखावेल म्हणे. लिफ्टच्या खोल पोकळीत दोरीला लटकून काम करणारा माणूस, पण बहिणीपुढे तीन शब्द बोलायला धजत नाही. उलट वन्संनी फोन करून मला सांगितलं, "वहिनीने जरा मोठं मन दाखवावं. नवऱ्याला बटाट्यांवर ठेवणं शोभतं का?" म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन झाली, वर संन्याशाने फाशीच्या दोरीला धन्यवादही द्यायचे. मी फोन ठेवून दिला. आपटून ठेवला म्हणा.

परवा सुट्टीच्या दिवशी जाऊबाई खाली माझ्याकडे आल्या. "गव्हाचं पीठ आहे का?" म्हणाल्या. मी काही न विचारता डबा पुढे केला. त्यांचा जुना पोळपाट, जुनं लाटणं सगळं माझ्याकडेच. त्यांनी बाह्या वर केल्या आणि मळायला लागल्या. नवऱ्याला चालत नाही म्हणून इतके दिवस त्यांनीही गव्हाचा घास खाल्ला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. पीठ तळव्याखाली ताणत होतं, परत येत होतं. त्यांनी एक तुकडा दोन्ही हातांनी ओढून पातळ केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. फाटला नाही. "बघ," एवढंच म्हणाल्या.

पाव माझ्याच ओव्हनमध्ये भाजला. गरम असताना कापू नये हे मला त्यांनीच शिकवलेलं, पण त्यांनी तो गरमच कापला, लोणी लावलं आणि उभ्यानेच खाल्ला. मग बसल्या आणि आणखी खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण खाणं थांबलं नाही.

"त्यांनी विचारलं, त्याचं मी सोसलं असतं," म्हणाल्या. "पण मी स्वतःवर संशय घ्यायला लागले ना गं. झोपेत करते की काय म्हणून दारात खुर्ची लावून झोपायचे. हे कुणी मला परत देणार आहे?"

मी आणखी एक फोड कापली.

खाऊन झाल्यावर त्या उठल्या. कोपरापर्यंत हात धुतले. नखांना ब्रश लावला. चूळ भरली, परत भरली. मग मला म्हणाल्या, "तुझा एक धुतलेला ब्लाउज आणि साडी दे. ही पिठाची साडी इथेच राहू दे."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "कशाला? जाऊ दे ना थोडं पीठ घरी. त्या माणसाने तुम्हाला..."

"वेडी आहेस का," जाऊबाई म्हणाल्या. "राग त्यांच्यावर आहे. त्यांच्या आतड्यांवर नाही."

माझी निळी साडी नेसून त्या निघाल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "तांदळाचं नवीन आंबवण घातलंय. हळूहळू येतंय. ठेंगणा तर ठेंगणा, उद्यापासून पाव करीन त्यांच्यापुरता. किती दिवस बटाटे खातील?"

"आणि आई? बरणी परत त्यांच्या हातात?"

"नाही. माझ्या कपाटात आहे. कुलूप लावलंय."

"आणि किल्ली?"

"कामावर घेऊन जाते."

त्या वर गेल्या. भाऊजींची तब्येत झकास आहे, सासूबाई जेवतात, वन्सं दर रविवारी येतात. घरातल्या बाईला नवऱ्याच्या पावाचं आंबवण कुलपात ठेवावं लागतंय, किल्ली पदराला बांधून कारखान्यात न्यावी लागतेय, आणि हे सगळे मला सांगतात, प्रकरण मिटलं.